बदकांची होडी

मस्कतशेजारच्या मत्रहच्या बंदरामागे अर्बाबचं, म्हणजे बाबांच्या अरब मालकाचं, लाकूडकामाचं यार्ड होतं आणि यार्डाच्या मागच्या भिंतीला टेकून आमच्या दोन खोल्या. भिंत म्हणजे प्लायवूडची एक फळी आणि तिच्यावर निळा रंग. पलीकडे बाबांच्या मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा घाव पडला की अलीकडे फडताळातल्या वाट्या किणकिणत. शाळेला सुट्टी असली तरी त्या आवाजाने जाग यायची. मग आईचं नारळ फोडणं, स्टोव्हचा सुस्कारा, पेजेचा वास, आणि त्या सगळ्यावर यार्डातून येणारा मोरीच्या तेलाचा उग्र वास. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल लाकडाला चोळलं की खारं पाणी आत शिरत नाही. हा वास बाबांच्या कपड्यांना, आईच्या केसांना आणि माझ्या दप्तरालाही होता. वर्गातल्या मुली इंग्रजीत नाक मुरडत, आणि मला त्यांना उत्तर द्यायला ना पुरतं इंग्रजी येत होतं ना मराठी. घरात मालवणी, यार्डात हिंदी, अर्बाबसमोर दोन-चार अरबी शब्द. माझं मराठी पुढे मुंबईत, एका दैनिकाच्या टेबलावर, दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करता करता सुधारलं.

बाबा यार्डातले मुख्य सुतार होते. मालवणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात त्यांच्या घराण्यात होड्या बांधत. ते आखाती देशात आले तेव्हा बरोबर एका पेटीत तासणी, पटाश्या, रंधा आणि कापूस ठासायचं बोथट लोखंड घेऊन आले होते. ती पेटी घरात देव्हाऱ्याच्या खाली असे. बाबा मारत. हातात जे असेल त्याने मारत: मोगरीचा दांडा, ओली दोरी, पट्टी, चप्पल. आईला उघड्या हाताने. कारण मोठं लागत नसे. रंधा काम झाल्यावर आडवा ठेवायचा असतो. तो पात्यावर उभा ठेवला तर पातं बोथटतं. माझा भाऊ दिगू दादा एकदा विसरला, तेव्हा बाबांनी तोच रंधा त्याच्या पाठीवर मारला आणि मग आडवा ठेवला.

"तुका किती येळा सांगलंय, पात्यार ठेवचो नाय?"

दादा म्हणाला, "चुकलंय." बाबांनी पुन्हा कामाला सुरुवात केली. शेजारी एका कच्छी दुकानदाराचं घर होतं. आमच्याकडे आवाज चढला की त्याची बायको रेडिओ मोठा करी. दुसऱ्या दिवशी ती आईला ढोकळा आणून देत असे आणि दोघी लसणाच्या भावाबद्दल बोलत.

आईकडे एक काथवट होती, फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, कणीक मळायची. ती तिच्या सासूने दिलेली. मस्कतला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिला तडा गेला. इथल्या कोरड्या वाऱ्यात कोकणातलं लाकूड आक्रसतं हे तेव्हा आईला माहीत नव्हतं. तिने त्या तड्यात लाख वितळवून ठासून भरली आणि मग काथवट धुऊन पाण्यात ठेवली. सकाळी काथवटीचे दोन तुकडे झालेले होते. लाकूड पाणी पिऊन फुगलं, तड्यात जागा नव्हती, म्हणून ते दुसरीकडून फाटलं. बाबांनी आईला ओट्याजवळ उभं करून मारलं, सासूची वस्तू मोडली म्हणून. आईने दोन्ही तुकडे टाकले नाहीत. एका तुकड्यात ती लसूण ठेवी, दुसऱ्यात कोकमं.

ही हकिगत मी आधी सांगते आहे कारण पुढे जे झालं ते याच गोष्टीमुळे झालं.

दिगू दादाचं शिक्षण दहावीला अडलं. दुसऱ्यांदाही अडलं. त्या काळात मुलगा वयात आला की बापाच्या व्हिसावर राहता येत नसे. त्याला स्वतःची नोकरी, स्वतःचा अर्बाब लागे, नाहीतर परत गावी. दादाचा वाढदिवस हिवाळ्यात होता. गावी आमचं घर बंद होतं, चुलते वेगळे झाले होते, दादाला सांभाळणारं तिकडे कोणी नव्हतं. आईचा दिवस याच काळजीत उगवायचा आणि मावळायचा. ती भाकरी थापताना मध्येच थांबून विचारी, "बोललात काय अर्बाबाक?" बाबा म्हणत, "बोलतंय." ते बोलत नसत. दादाला यार्डात घ्या असं सांगायचं, तर दादाला काम येतं असं म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणणं त्यांच्याने होत नव्हतं.

मग होडी आली. म्हणजे ती आधीपासून तिथेच होती. यार्डातल्या अर्बाबच्या गोदामामागे, उघड्या उन्हात, उपडी. तिच्याखाली बकऱ्या झोपत. कधीतरी एका गोऱ्या साहेबाने आपल्या देशातून ती जहाजावर घालून आणली होती, आणि देश सोडताना अर्बाबकडे टाकून गेला होता. बदकांच्या शिकारीची होडी. मी तशी होडी तोपर्यंत पाहिली नव्हती. आमच्या कोकणातल्या होडीला पोट असतं, हिला नव्हतं. चपटी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, पाण्याला जेमतेम टेकेल एवढी बुटकी. पुढच्या टोकाला बंदूक टेकवायला लोखंडी बेचकं. शिकाऱ्याने आत पालथं पडायचं, वरून गवत टाकायचं, आणि मागच्या माणसाने आवाज न करता तिला बदकांच्या थव्यापर्यंत सरकवायचं. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येत आणि किनाऱ्यालगतच्या खोरात उतरत. खोर म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीत शिरून साचलेलं तळं, कडेला बोरूची दाट बेटं. शिकारीला तेव्हाही बंदी होती. त्या खोरावर विचारायला कोणी येत नसे.

अर्बाब यार्डात आला तेव्हा मी बाबांना चहा द्यायला गेले होते. तो मोठा, संथ बोलणारा माणूस होता. आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, ते पुढे येईल. त्याने काठीने होडीच्या बुडावर ठकठक केलं. "मेहमान आता है. बडा मेहमान. ये चलेगा?"

"चलेगा अर्बाब. एकदम नया."

"लडका कैसा है तुम्हारा? काम करता है?"

बाबा होडीच्या बुडाकडे बघत होते. दादा रंधा मारत होता, त्याचा हात थांबला. अर्बाबने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाप-बेटा मिलके बनाओ. मेहमान इसमें बैठेगा, शिकार करेगा, खुश होगा. उसके बाद लडके का पासपोर्ट मेरे पास लाना. इन्शाल्ला."

त्या संध्याकाळी आईने सुरमईचं कालवण केलं, सोलकढी केली, आणि बाबांच्या पानात मधला तुकडा वाढला. दादाच्या पानात डोक्याचा. दादाला डोकं आवडे. बाबा जेवता जेवता म्हणाले, "ह्या मेल्याक शिकवूचा लागतला." घरात इतका चांगला दिवस बऱ्याच काळात गेला नव्हता.

होडीचं काम सुरू झालं ते मारझोडीसारखंच सुरू झालं. बकऱ्यांना हाकलताना एकीने दादाच्या मांडीला शिंग मारलं. होडी उलटी केली तेव्हा आतून विंचू निघाले. बाबांनी ते पटाशीने एकेक करून तोडले. रंग काढायला दिवटी लावली. करड्या रंगाचे थर फुगून फोड येत, आणि दादा ते पत्र्याने खरवडे. खालचं लाकूड हाडासारखं पांढरं आणि सुकं निघालं. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी होत्या. आतून पाहिलं की ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पडे. पुढच्या टोकाच्या कोपऱ्यात पिसं चिकटलेली होती आणि पितळेचं एक रिकामं काडतूस. दादाने ते ओठांशी धरून शीळ घातली. बाबांनी त्याच्या तोंडावर मारलं, काडतूस दातांवर आपटलं आणि दादाचा ओठ फाटला. त्याने ते खिशात टाकलं आणि पुन्हा पत्रा हातात घेतला.

यार्डात बाबांचा एक नियम होता. होडीजवळ 'बुडणे' हा शब्द उच्चारायचा नाही. त्यांच्या वडिलांचाही होता, त्यांच्याही वडिलांचा. सूर्य मावळला म्हणायचं, पैसे गेले म्हणायचं, चहात बिस्किट टाकलं म्हणायचं, पण तो शब्द नाही. होडीत पायताण घालून चढायचं नाही आणि होडीत पाणी ओतायचं नाही, ती धुवायची तर बाहेरून. मी शाळेतून आले होते, होडीच्या फटींतून पलीकडची भिंत दिसत होती, आणि मी विचारलं, "बाबा, आणि बुडली तर?" पट्टी माझ्या पोटरीवर आली. "तो शबूद हयसर काढूचो नाय!" वळ जायला आठवडा लागला. दादाने मला संध्याकाळी बर्फ आणून दिला आणि काडतुसाची शीळ वाजवून दाखवली. "हेका इंग्लिशमदी काय म्हणतत गो?" मी म्हणाले, शीळ कशाला, बंदुकीची गोळी आहे. तो म्हणाला, "आता ती शीळ आसा."

आमच्या गावाकडे होडी पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावर झावळ्यांच्या मांडवात असते. तिकडे हवेतच पाणी असतं, लाकूड पुरतं सुकत नाही. म्हणून पावसाळा सरला की फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस जेवढा ठासून भरावा तेवढा चांगला. वरून राळ ओतली की होडी वर्षभर निर्धास्त. बाबांच्या हातात हीच रीत होती. मत्रहच्या यार्डात येणारी गलबतंही पाण्यातून थेट वर येत आणि पंधरवड्यात परत जात, त्यांनाही ती रीत चालून जाई. वर्षानुवर्षं उन्हात तापलेली, शेवटच्या थेंबापर्यंत सुकलेली होडी बाबांनी कधी हाताळली नव्हती. ही माहिती मला तेव्हा नव्हती. आईला होती, तिच्या काथवटीपुरती.

ती एका दुपारी डबा घेऊन यार्डात गेली. दादा सांध्यात कापूस ठासत होता, बाबा शेजारी उभे. मी आईच्या मागे पाण्याची कळशी धरून.

दादा म्हणाला, "बाबा, भरलो सांधो. हेच्या फुडे कापूस जाणा नाय."

"जाणा नाय म्हणजे? घाल घाव. हात मोडलो काय तुझो?"

दादाने घाव घातला. कापूस आत गेला. बाबांनी नखाने सांधा तपासला. "आणखी."

आई डबा ठेवून फळीवरून हात फिरवत होती. "आयकलात? आधी भिजवा तिका. दोन दिस पाणी भरून ठेवा आत. मगे भरा कापूस. माझ्या काथवटीचा काय झाला ता ठाव आसा मां तुमका?"

बाबा हसले. "काथवट आणि होडी येकच काय गो? चल, शिकव माका. घे मोगरी."

"मी काय शिकवतंय? लाकूड फुगताला, इतक्याच सांगतंय."

"होडीत पाणी भरूक सांगतंस? होडीत?" त्यांनी तिला मारलं, कानशिलावर. डबा सांडला. भात होडीच्या भुशात मिसळला. आईने खाली बसून तो गोळा केला, निवडता येण्यासारखा निवडला. दादा मोगरी धरून उभा होता. बाबा त्याला म्हणाले, "बघतंस काय? आणखी." त्या दुपारभर त्या घावांचा आवाज घरात येत होता. फडताळातल्या वाट्या किणकिणत होत्या. आई कोकमाचा काथवटीचा तुकडा पुसत होती, तो आधीच स्वच्छ होता.

काम संपलं तेव्हा होडी सुरेख दिसत होती हे मान्य केलं पाहिजे. बाबांनी तिला मोरीचं तेल पाजलं, वर वाळूच्या रंगाचा हात दिला, बंदुकीचं बेचकं घासून काळं केलं. हातात हात घालून बसलेल्या फळ्या; सांधा कुठे आहे ते बोटाला लागत नव्हतं. बुधवारी ट्रकवर घालून ती खोरावर नेली. आईने तिची ओटी भरली, हळदकुंकू लावलं, बाबांनी टोकावर नारळ फोडला, आणि चौघांनी ढकलून तिला पाण्यात सोडली. एक थेंब आत आला नाही. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी दादाच्या मानेवर हात ठेवला, मारायला नव्हे, नुसता. "झिला," ते म्हणाले. झिल म्हणजे मुलगा. होडी खुंटाला बांधून ठेवली. शुक्रवारी पाहुणा येणार होता. शनिवारी पासपोर्ट द्यायचा होता. दादाने तो आईकडून मागून घेतला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, तीन दिवस आधीच.

शुक्रवारी आम्ही सगळे गेलो. आईने वडे आणि कोंबडीचा रस्सा केला होता, आमच्यापुरता. आज ठरणार होतं म्हणून तिला तिथे असायचं होतं. सकाळ स्वच्छ होती, पाण्यावर वाफ. बदकं मधोमध होती, खूप, एकमेकांना खेटून, आणि एक बारीक अखंड बडबड चालू. अर्बाब, त्याचा पाहुणा, दोघांचे ड्रायव्हर. पाहुणा चाळिशीचा, हसरा, नव्या बुटांत. बाबांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. तो बूट घालूनच होडीत पालथा झाला. दादा मागे, हातात आखूड वल्हं. गवत टाकलं. होडी सरकली तेव्हा खरोखरच पाण्यावर काही सरकतंय असं वाटलं नाही.

पहिला बार झाला. मी त्याआधी बंदूक ऐकली नव्हती. पाणी एका बाजूने उठलं. थवा वर गेला आणि त्यातली काही वर गेली नाहीत. दुसरा बार हवेत. एक बदक पंख दुमडून सरळ खाली आलं, एक तिरकं, फडफडत, काठाजवळच्या चिखलात. ते मान वर करून चाललं होतं आणि त्याचा एक पंख मागून ओढला जात होता. अर्बाबचा ड्रायव्हर सुरी घेऊन धावला. जिवंत सापडलं तरच अल्लाचं नाव घेऊन कापता येतं, मेलं तर वाया. त्याने पाय मानेवर दिला आणि कापलं. मग दुसरं. पाहुणा होडीतून ओरडून दाखवत होता, तिकडे, तिकडे. दादा होडी फिरवत होता. पाण्यावर पिसं आणि रक्ताचे धागे होते. आईने माझा चेहरा आपल्याकडे वळवला, पण ती स्वतः बघत होती, दादाकडे.

तिसऱ्या बाराला उशीर होता. पाहुणा बंदूक भरत होता. तेव्हा आवाज झाला. काठावर सगळ्यांना वाटलं बंदूकच उडाली. लागोपाठ दुसरा, तिसरा, कोरडे, कडक. होडीच्या आतल्या लाकडी फासळ्या मोडत होत्या. दोन दिवस पाणी प्यायलेल्या फळ्या फुगल्या होत्या, फुगायला सांध्यांत जागा नव्हती, कारण तिथे कापूस ठासलेला होता, तेव्हा त्यांनी फासळ्या तोडून जागा केली. बुडाची एक फळी खिळ्यांसकट वर उसळली. पाहुण्याच्या छातीखालून पाणी आलं. तो उठला, आणि चपट्या होडीत उठायचं नसतं. होडी आडवी झाली. पाणी छातीइतकंच होतं, पण चिखल खोल. बंदूक गेली. नवा बूट गेला. दादाने पाहुण्याला काखेत धरून काठापर्यंत ओढत आणलं. त्याने वाटेत एकदा मागे पाहिलं. होडीचं लोखंडी बेचकं तेवढं पाण्याबाहेर होतं.

पाहुणा हसला नाही. ओकला. अर्बाबने पुढे येऊन बाबांच्या तोंडात मारली, सगळ्यांदेखत. "ये नया है? ये एकदम नया है?" तो ओरडला. बाबांची टोपी पडली. ते ती उचलायला वाकले नाहीत. ते वळले आणि दादाकडे बोट करून हिंदीत म्हणाले, "इसने किया अर्बाब. ये ठोका. मेरे को पूछा नहीं, इतना ठोका."

दादा चिखलाने भरलेला उभा होता. तो म्हणाला, "बाबा?"

वृत्तपत्रात मारहाणीची बातमी लिहिताना कोणी, कोणाला, कशाने, एवढं लिहायचं असतं. बाबांनी दादाला पाण्यावर तरंगत काठाला लागलेल्या वल्ह्याने मारलं. पाठीवर, मग हातांवर, कारण त्याने हात डोक्यावर धरले होते, मग तो खाली पडल्यावर कमरेवर. अर्बाब बघत होता. ड्रायव्हर बघत होते. एकाच्या हातात अजून बदक होतं. दादाने एकदाही ओरडून सांगितलं नाही की मला सांगितलं तसंच मी केलं. त्याच्या खिशातला पासपोर्ट बाहेर पडला आणि चिखलात उघडा पडला. बाबांनी पुन्हा वल्हं उचललं. दादाने अर्बाबसमोरून पासपोर्टकडे हात लांबवला होता. बाबांनी त्या हातावर नेम धरला.

होडीची दोन वल्ही होती. दुसरं काठावरच राहिलं होतं. आईने ते दोन्ही हातांनी धरून, उखळात मुसळ घालतात तसं, वरून खाली घातलं. बाबांच्या उजव्या मनगटावर. तो आवाज मला फासळ्यांच्या आवाजापेक्षा वेगळा काढता येतो, आजही. बाबांचं वल्हं पडलं. ते मनगट पोटाशी धरून गुडघ्यांवर बसले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा पदर पडला होता, ती तो घेत नव्हती.

"परत हात उचललात तर दुसरो मोडीन," ती म्हणाली. मग अर्बाबकडे वळली. तिचं हिंदी भाजीबाजारापुरतं होतं. "लडके ने नहीं किया. इसने बोला, लडके ने किया. मैं बोली थी, भिगाव. मेरे को मारा."

बदकं परत पाण्यावर उतरायला लागली होती. अर्बाबने आईकडे पाहिलं, मग दादाकडे. त्याने आपल्या काठीने पासपोर्ट चिखलातून जवळ ओढला, पण उचलला नाही. "तुम बनाएगा?"

दादाने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तो बसूनच बोलला. "बनाएगा. लेकिन पहले डुबाएगा, अर्बाब. पूरा डुबाएगा. उसके बाद बनाएगा."

तो शब्द मार न पडता बाबांसमोर पहिल्यांदाच उच्चारला गेला, हिंदीत का होईना. मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. अर्बाब हसला. "यल्ला," तो म्हणाला, "डुबाओ." आणि वाकून पासपोर्ट उचलला.

इस्पितळात बाबांनीच सांगितलं, होडी पडली हातावर. डॉक्टर मलयाळी होते. त्यांनी दादाची पाठ पाहिली, आईकडे पाहिलं आणि तेच लिहून घेतलं. प्लास्टर लांबलं. आमच्याकडे डाव्या हाताने जेवत नाहीत. बाबा तर कधीच जेवले नसते. म्हणून आई त्यांना भरवत असे. ज्या हातांनी तिने वल्हं घातलं होतं त्याच हातांनी ती भात कालवायची, माशाचे काटे काढायची, घास त्यांच्या तोंडापुढे धरायची. ते तोंड उघडत. अर्बाबने शिकारीतली दोन बदकं आमच्याकडे पाठवली होती. आईने ती मालवणी मसाल्यात केली. घासात शिशाचा छर्रा आला की बाबा तो जिभेने पुढे काढत आणि आई तो बोटांनी उचलून ताटात टाकी. टण असा आवाज होई.

दादाने खोरातून काढून आणलेल्या होडीत दगड भरून तिला यार्डासमोरच्या बंदरात बुडवली आणि बुडालेली ठेवली. बाबा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन धक्क्यावर बसत आणि पाण्यातल्या तिच्या सावलीकडे बघत. 'बुडवली'ऐवजी कोणी तिथे दुसरा शब्द वापरत नव्हतं. मग दादाने ती वर काढली, ओली असतानाच नव्या फासळ्या बसवल्या, आणि सांध्यांत कापूस अंगठ्याने लावला, मोगरी न घेता. बाबा जवळ उभे होते. त्यांनी नखाने सांधा तपासला. कापूस सैल होता. त्यांनी बोट काढून घेतलं. त्या हिवाळ्यात ती पुन्हा खोरावर गेली आणि मोसम संपेपर्यंत चालली. दादाचा व्हिसा झाला. अर्बाबने बाबांनाही काढलं नाही. ते फळ्या निवडायचे, मापं सांगायचे, दादा करायचा.

दादा अजून तिथेच आहे. अल अमेरातला त्याचं फायबरच्या होड्यांचं वर्कशॉप आहे, घर त्याच्याच मागे, मधली भिंत सिमेंटची. मी गेले की त्याची नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी मराठीत उत्तर देते. ती होडी दहा-बारा वर्षांनी अर्बाबच्या मुलाने जळणाला दिली. लोखंडी बेचकं दादाने मागून घेतलं. त्याला आता दारामागे किल्ल्या अडकवलेल्या असतात, आणि एक पितळी काडतूस.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. त्यांनी पुन्हा घरात कोणाला मारलं नाही, मला नाही, दादाला नाही, आईला नाही. नातेवाइकांत याला सुधारणं म्हणत. कोणी पश्चात्ताप म्हणे. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, त्यामुळे मला ते लिहिता येत नाही. मला जे माहीत आहे ते एवढंच, की मनगट वाकडं जुळलं आणि ज्या उजव्या हाताने ते मारत त्याची मूठ पुन्हा पुरती मिटली नाही. पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. मी हे प्रकरण इथेच संपवलं होतं आणि छापायला देण्याआधी दादाला वाचायला पाठवलं होतं.

त्याचा फोन आला. मागे वर्कशॉपमध्ये कुणीतरी काहीतरी घासत होतं, तो आवाज थांबेपर्यंत तो थांबला.

"सगळा बरोबर लिवलंस गो बाय," तो म्हणाला. "येक रवला."

"काय राहिलं?"

"त्येंका डावो हात होतो मां."